राघूचा डोळा

पहिल्यांदा चुकलं ते एवढंसंच: आईने लाकडाचा हिरवागार राघू रंगवला आणि डोळा काढायचं विसरून त्याला फळीवर ठेवून दिलं.

शेवंतीची आई लाकडी पाखरं रंगवायची. त्यांच्या घरची एक रीतच होती. डोळा सगळ्यात शेवटी काढायचा, मग पाखराला नावाने हाक मारायची आणि घरातल्या कुणीतरी त्याच्या वतीने ‘ओ’ द्यायची. आई चुलीपाशी असली तरी चिरक्या आवाजात ‘ओ’ द्यायची, आणि शेवंती खुदुखुदु हसायची.

पण तापातून उठल्यापासून आईला काही आठवेना. ती शेवंतीलाच विचारायची, “तू कुणाची गं, बाळ?” फळीवर बिनडोळ्यांची पाखरं साठली. ती कोण विकत घेणार? दोघी रोज नुसती पेज प्यायच्या.

एक दिवस शेवंती बागेतल्या बकुळीखाली रडत बसली होती. टपकन एक फूल पडलं आणि ती दचकली. ती पाल चुकचुकली तरी दचकायची.

“अगं, मीच आहे,” फुलातून नाजूक आवाज आला. बोटाएवढी परी, अबोली रंगाचे इवले इवले पंख, केसांत दवाचे चमचमते मणी. तिने शेवंतीला चिमुकला कुंचला दिला. टोकावर सोनेरी रंगाचे दोन थेंब लुकलुकत होते.

“ज्याच्यासाठी रंगवशील, त्याला हरवलेलं आठवेल. पण भीती वाटली तर लपवायची नाही, मोठ्याने सांगायची. लपवलीस तर थेंब वाळेल. आणि हाक एकदाच मारायची.”

“दोन थेंब आहेत ते बरं झालं,” शेवंती म्हणाली. “एक चुकला तर दुसरा आहे.”

वाटेत खारीचं पिटुकलं पिल्लू कुडकुडत होतं.

“घर कुठलं रे तुझं?”

“आठवत नाही गं, ताई.”

शेवंतीने कुंचला पाठीमागे लपवला. चार पावलं पुढे गेली. पण ‘आठवत नाही’ हे शब्द ती घरी रोज ऐकत होती. ती परत फिरली आणि दगडावर छोटीशी ढोली रंगवली. “पिल्ला,” तिने हाक मारली. “ओ,” म्हणत पिल्लू सुर्रकन आंब्यावर चढलं.

आता एकच थेंब उरला.

घरी आई चुलीकडे तोंड करून बसली होती. शेवंतीने राघू मांडीवर घेतला. हात थरथरला. ‘मी नाही घाबरत,’ ती मनात म्हणाली, तसा थेंब मातकट झाला, कडेने सुकू लागला.

“मला भीती वाटते,” शेवंती घाईघाईने मोठ्याने म्हणाली. “आईने मला कधीच ओळखलं नाही तर?”

थेंब पुन्हा झळाळला. थरथरत्या हातानेच तिने डोळा काढला. थोडा तिरका आला, पण टपोरा आला. खिडकीत परी हसली, तिचे पंख सोन्यासारखे उजळले आणि त्या उजेडात ती विरून गेली. उजेड फळीवरच्या सगळ्या पाखरांवर सांडला.

“राघू,” शेवंतीने हाक मारली. एकदाच.

चुलीतलं लाकूड तडतडलं. ती दचकली नाही. वाट बघत राहिली.

आणि मागे वळून न बघताच, चिरक्या आवाजात, आई म्हणाली, “ओ… हात थरथरला ना गं, शेवू?”