मंजुळा म्हशीचा उपास

"माझं पोट का फुगतंय ते मंगळवारी सकाळपर्यंत सांग! नाहीतर जन्मभर पागेत लीद उचल!"

हरणगडचे राजे भद्रसेन गादीवर आडवे पडून ओरडत होते आणि समोर हैबती हात जोडून उभा होता. हैबती गुरांचा वैद्य. म्हशींची पोटं सोडून त्याने आयुष्यात दुसरं काही तपासलं नव्हतं. पण माणसांचे सहाही वैद्य आधीच पागेत लीद उचलायला गेले होते. सातवा आणायचा कुठून? म्हणून शिपायांनी ह्याला भर गोठ्यातून उचलून आणलं होतं. मागे त्याची लेक चिमा उभी होती, हातात औषध पाजायची बांबूची नळी घेऊन.

"महाराज," हैबतीने धीर करून विचारलं, "काल काय खाल्लं होतंत?"

"काही नाही! काल गुरुवार. दत्ताचा कडक उपास!"

"आणि परवा?"

"परवा चतुर्थी. उपास!"

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"मंगळवारी जेवलो. दोन भाकऱ्या आणि वाटीभर कढी. एवढंसं खाऊन पोट बघ, नगारा झालाय! सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, रविवारी सूर्यनारायण, शिवाय एकादशी, चतुर्थी. इतके उपास करणारा राजा दुसरा दाखव! आणि देव माझंच पोट फुगवतोय. निघ आता!"

बाहेर पागेपाशी म्हातारे राजवैद्य झाडू घेऊन उभे होते. चिमाने हळूच विचारलं, "वैद्यबुवा, तुम्हाला रोग कळला नाही?"

"पहिल्याच दिवशी कळला, पोरी! उपासाच्या दिवशी महाराज परातभर खिचडी खातात. वर लाडू. मी म्हणालो, महाराज, उपासाला जरा बेताने खा. झालं! 'खा? म्हणजे माझा उपास खोटा?' असं म्हणून हा झाडू दिला हातात. बाकीच्या पाचांचंही तेच."

हैबती मटकन खाली बसला. "चिमे, खरं बोललो तरी पागा, नाही बोललो तरी पागा! आपल्या मंजुळेची धार कोण काढेल गं?"

"आबा, रडू नका. खरं आपण बोलायचंच नाही."

"मग कोण बोलेल?"

"ज्याचं पोट फुगलंय तो!" असं म्हणून चिमा तशीच मागे वळली आणि थेट महाराजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, आबा कुठलाही उपाय आधी म्हशीवर करून बघतात. आमची मंजुळा तुमच्यासोबत तीन दिवस उपास धरील. शनिवार, रविवार, सोमवार. हुबेहूब तुमच्यासारखा! तुमच्याच मुदपाकखान्यातून. एक दाणा जास्त नको, एक दाणा कमी नको."

महाराजांचे डोळे पाणावले. "म्हैस उपास करणार? आमच्यासाठी? काय ही भक्ती! आचारी, ऐकलंस ना? हुबेहूब!"

मंगळवारी सकाळी सगळा दरबार गोठ्यात जमला. मंजुळा आडवी पडली होती. पाय चार दिशांना चार, पोट रांजणाएवढं, डोळे वर. ती एकदा "हुंऽऽ" करी आणि तिच्यामागोमाग महाराजही "हुंऽऽ" करीत.

"अरेरे!" महाराज कळवळले. "ह्या मुक्या जनावराला काय खायला घातलंत?"

"काहीच नाही, महाराज," चिमा हात जोडून म्हणाली. "कडक उपास!"

"खोटं! उपासाने कुणाचं पोट असं फुगतं होय? आचारी! खरं बोल, हिच्या तोंडात काय काय गेलं?"

आचारी बोटांवर मोजत सांगू लागला. "शनिवारी साबुदाण्याची खिचडी एक परात, रताळ्याचा कीस एक परात, दाण्याचे लाडू बावीस. तसे चोवीस वळले होते, दोन कुठे गेले कळलं नाही. रविवारी वरीचा भात, दाण्याची आमटी, पुन्हा लाडू. सोमवारी खिचडी, केळी, शिंगाड्याचा शिरा..."

"बास!" महाराज गरजले. "ह्याला उपास म्हणतात? अरे, चार लग्नांचं जेवण बरं ह्यापेक्षा! अक्कल आहे का कुणाला? हिला आधी ओवा द्या! मग तीन दिवस नुसतं कोमट पाणी! आणि लाडू हिच्या नजरेलाही पडता कामा नये!"

आचारी जमिनीकडे बघू लागला. दिवाणजींनी उपरणं तोंडात कोंबलं. हैबतीने डोळे घट्ट मिटून घेतले.

बांबूच्या नळीने मंजुळेला ओव्याचं पाणी पाजून चिमा मात्र दोन पावलं पुढे आली. "महाराज, रोगही तुम्हीच ओळखलात, औषधही तुम्हीच सांगितलंत. आता एवढंच सांगा, कोमट पाणी एकीलाच द्यायचं की दोघांना?"

महाराजांनी मंजुळेच्या पोटाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. पुन्हा मंजुळेच्या. इतक्यात ओवा लागू पडला आणि मंजुळेने असा काही ढेकर दिला, की दिवाणजींची पगडी उडाली!

"दोघांना!" महाराज ओरडले आणि हसत सुटले. हसता हसता गवतावर बसले, मंजुळेच्या पाठीला टेकले, तरी हसू थांबेना. "माग, पोरी! काय हवं ते माग!"

"सहाही वैद्य मोकळे करा, महाराज. आणि आजपासून हरणगडात वैद्याने कुणालाही काहीही विचारावं. समोर गवळी असो नाहीतर राजा, वैद्याला खरं उत्तर मिळालंच पाहिजे."

"दिलं! आणि मंजुळेला नदीकाठचं सगळं कुरण दिलं! राजवैद्य, या पुढे. विचारा!"

राजवैद्य आले. हातातला झाडू खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "महाराज, शनिवारी लाडू किती खाल्लेत?"

महाराज लाजले. गवताची काडी चावत हळूच म्हणाले, "सव्वीस. दोन मंजुळेच्या वाटचे."