तुरूचं बीळ तंबूखाली

वाळूत होतं एक बीळ. बिळात राहायचा तुरू. तुरू म्हणजे खेकडा, वाटाण्याएवढा. चालायचा तिरका तिरका, तुरुतुरु तुरुतुरु.

एकदा काय झालं, तुरू गेला पाण्यात पाय बुडवायला. तेवढ्यात आली जुई. आली जुईची आई. आले जुईचे बाबा, पाठीवर हा एवढा तंबू!

आई म्हणाली, "अहो, इथे सुकं शेवाळ पडलंय. म्हणजे पाणी इथवर येतं. तंबू वर झाडांखाली ठोका."

बाबा म्हणाले, "छे गं! हा समुद्र ओळखतो मला!"

ठक ठक ठक! तंबू उभा. बाबा आत आडवे.

तुरू परत आला. बघतो तर काय? बीळ तंबूखाली! वर घार घिरट्या घालतेय. आता लपायचं कुठे?

तुरुतुरु तुरुतुरु, तुरू गेला बाबांकडे.

"बाबा, बाबा, तंबू हलवा. तंबू हलेना, बीळ मिळेना!"

बाबा म्हणाले, "हलवतो की! पण चहाशिवाय मी उठत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, तुरू गेला आईकडे.

"आई, आई, चहा कर. बाबा उठेना, तंबू हलेना, बीळ मिळेना!"

आईनं तीन दगडांची चूल मांडली होती. ती म्हणाली, "करते की! पण काटक्यांशिवाय चहा होत नाही. जुईला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु, तुरू गेला जुईकडे.

"जुई, जुई, काटक्या आण. चहा होईना, बाबा उठेना, तंबू हलेना, बीळ मिळेना!"

जुई खडकावर बसली होती. डोळे समुद्रावर. "आणते की! बगळा पाहिला, घार पाहिली. पण डॉल्फिन पाहिल्याशिवाय मी जात नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, तुरू गेला पाण्याच्या काठाला. हाक मारली डॉल्फिनला.

"डॉल्फिनदादा, उडी मार. काटकी येईना, चहा होईना, बाबा उठेना, तंबू हलेना, बीळ मिळेना!"

डॉल्फिननं नाक वर काढलं. फुस्स! "मारतो की! पण रिकाम्या पोटी कोण उडतं रे? तारली आली, तरच उडी."

तारली म्हणजे चिमुकली चांदीची मासळी. तुरूनं तिला हाक मारली.

"तारलीताई, काठाशी ये. डॉल्फिन उडेना, काटकी येईना, चहा होईना, बाबा उठेना, तंबू हलेना, बीळ मिळेना!"

तारली म्हणाली, "येते की! पण पाणी उथळ, पोट घासतं. भरती आली, तरच येते."

तुरूनं भरतीला हाक मारली.

"भरतीमावशी, वर ये. तारली फिरेना, डॉल्फिन उडेना, काटकी येईना, चहा होईना, बाबा उठेना, तंबू हलेना, बीळ मिळेना!"

भरती हसली. खळखळ खळखळ. "येते की! पण रांगोळीशिवाय मी कुणाच्या दारी जात नाही."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. बाजार असो की समुद्र, आधी द्यावं, मग घ्यावं. तुरूकडे द्यायला काय होतं? होते की दोन नांगे!

तुरू बसला वाळूत. वाळू उचलली, गोळी केली, खाली ठेवली. गुटुक टप्प! गुटुक टप्प! इकडे गोळ्या, तिकडे गोळ्या. मधे फूल, भोवती पाकळ्या. झाली की रांगोळी!

"अगंबाई, काय सुरेख!" भरती म्हणाली. आणि निघाली.

भरती आली, सळसळ सळसळ.
तारली फिरली, चमचम चमचम.
डॉल्फिन उडाला, धप्पाक!
"दिसला! दिसला!" जुई उठली, टुणकन.
काटकी आली, कडकड कडकड.
चहा झाला, बुडबुड बुडबुड.
बाबा उठले. सुर्र सुर्र सुर्र!

"वा! आता हलवतो," बाबा म्हणाले. तोच पायाला काहीतरी गार गार लागलं. पाणी!

आई म्हणाली, "काय हो, समुद्र ओळखतो ना तुम्हांला? बघा, भेटायला आलाय."

जुई हसली, खी खी खी. बाबाही हसले. तंबू उचलला आणि पळाले वर, झाडांखाली.

तंबू हलला. बीळ मिळालं!

तुरू सुर्रकन आत. वर वाळूची गोळी ठेवली. टप्प! दार बंद. घार राहिली वर, लाट गेली वरून. तुरू आत, गुडुप.

सकाळी ओहोटी लागली. तुरू वर आला, दाराशी नवी रांगोळी घातली, गुटुक टप्प! बाबा निघाले समुद्राकडे. जुईनं हात धरला.

"बाबा, थांबा! ती बघा, रांगोळी. इथे कुणाचं तरी दार आहे!"

बाबा वळले. रांगोळी चुकवून गेले, तिरके तिरके, तुरुतुरु तुरुतुरु.

लाट सरली, गोष्ट विरली. वाळूत रांगोळी तेवढी उरली.