द्वारकाबाईंच्या नऊ पायऱ्या

फार वर्षांपूर्वी, दशांश चिन्ह तालुक्यापर्यंत आलं होतं पण आमच्या चढणवाडीचा चढ त्याला अजून चढवला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावाचं पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांवर सुखाने चाललं होतं. शाळेत द्वारकाबाई होत्या. त्यांनी वर्गात "गप्प बसा" म्हटलं की पलीकडच्या खोऱ्यातली शाळाही गप्प बसे, असं म्हणतात.

एका वर्षी शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी चौथीला विचारलं, "तीन पूर्णांक सात दशांश. जवळचा पूर्णांक कोणता?" चौथी साहेबांच्या टोपीकडे बघत राहिली. साहेबांनी शेरा लिहिला की पुढल्या खेपेलाही हेच दिसलं तर चौथी बंद, मुलांनी घाट उतरून पलीकडच्या गावी शिकायला जावं. मुलगे गेले असते हो. पण मुलींना घाट उतरू कोण देणार? हौसा नावाच्या मुलीला तर वडलांनी त्याच दिवशी शेळ्या राखायची काठी आणून दिली.  ते ऐकल्यापासून बाईंना दोन घास गोड लागेनात.

बाईंनी फळ्यावर शिकवून पाहिलं. खडू संपले, पण कुणाच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी त्या चौथीला घेऊन बाहेर पडल्या. देवळाच्या पारापासून शाळेच्या ओट्यापर्यंत आमच्याकडे उभा चढ आहे आणि मध्ये नऊ पायऱ्या. बाईंनी गेरूने पारावर तीन लिहिलं, ओट्यावर चार, आणि पायऱ्यांवर खालून वर एक ते नऊ. मग त्या ओरडत, "तीन पूर्णांक सात!" की पोरांनी सातव्या पायरीवर उभं राहायचं आणि जे टोक जवळ ते गाठायचं. सातवरून ओटा, दोनवरून पार. पाचवी पायरी मात्र बरोबर मधोमध, तिथे भांडणं लागली.

बाई म्हणाल्या, "अर्धा चढ चढून आलेल्याला कुणी परत पाठवतं का? पाचावर वरच जायचं."

गावाला हे फारच पटलं. असं म्हणतात की पाचव्या पायरीवर पाय ठेवलेली म्हैस मग काही केल्या खाली येईना, तिचं दूध शाळेच्या ओट्यावर काढावं लागे. अडीच भाकरीची भूक असलेले जावई सासूसमोर खुशाल तिसरी मागू लागले. सव्वादोन भुकेचे मात्र दोनवर उठत आणि दिवसभर बाईंच्या नावाने बोटं मोडत.

साहेब पुन्हा आले. त्यांनी विचारावं आणि पोरांनी धावावं, एकही चुकलं नाही. साहेबांना ते जरा लागलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तीन पूर्णांक पंचेचाळीस शतांश."

सगळी चौथी चार आणि पाच या पायऱ्यांच्या मध्ये दाटीवाटीने उभी राहिली आणि धडाधड खाली पारावर पळाली.

"चूक!" साहेब म्हणाले. "शेवटी पाच आहे, म्हणून पंचेचाळीसचे पन्नास. म्हणजे झालं तीन पूर्णांक पाच. पुन्हा पाच, म्हणून वर. उत्तर चार!" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाईंचा चेहरा पडला. साहेबांना चूक कसं म्हणायचं?

हौसाला घरची काठी दिसत होती. ती वर आली आणि म्हणाली, "सायेब, तुमी सोता हुबं ऱ्हावा की. एक पाय चारवर, एक पाचवर."

साहेब उभे राहिले. हौसाने विहिरीची दोरी आणली, एक टोक त्यांच्या कमरेला लावलं आणि दुसरं पारापर्यंत ताणलं. तीच दोरी मग वर फिरवली. ओट्याला ती एक पायरी कमी पडली.

"तुमी आदी पाचवर चढलात, मग मोजलंत," हौसा म्हणाली. "हुबं हाय तितनंच मोजायचं असतंय."

साहेब दुपारपर्यंत तसेच एक पाय वर, एक पाय खाली उभे होते, असं म्हणतात. मग त्यांनी तिथेच वहीत लिहिलं, 'चौथी चालू राहील.' बाई पदरात तोंड घालून रडल्या. हौसाच्या वडलांनी ती काठी मुकाट्याने चुलीत घातली.

आता अडचण अशी की चहा ठेवला होता वर ओट्यावर आणि नियमाने साहेबांना जायचं होतं खाली. त्यांना वर बोलवावं, असं एकालाही वाटलं नाही. सगळा चहा, किटली आणि कपबशांसकट, पारावर आणला गेला.

द्वारकाबाईंना जाऊन किती वर्षं झाली विचाराल, तर गाव सांगतं, पन्नास. सत्तेचाळीस म्हणणारा बाहेरचा समजावा. पण अजूनही चढणवाडीत नवे गुरुजी किंवा बाई आल्या, की चौथीच्या मुली त्यांना चार आणि पाचवर पाय ठेवून उभं करतात आणि विचारतात, "द्वारकाबाईंची शपथ, जवळचं कुठलं?" पार म्हणणाऱ्याला लगेच शाळेची किल्ली मिळते. ओटा म्हणणाऱ्याच्या हातात मुली काही न बोलता दोरी देतात.