गांडूळ, बुरशी आणि अंगणातला सोमल

मागच्या अंगणाच्या मातीत सोमल निघाला. सोमल म्हणजे विष. आणि तीन वर्षांच्या जुईच्या ओठांना तीच माती! डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, पण पुन्हा खाऊ देऊ नका." जुईच्या आईच्या, अनुयाच्या, डोळ्याला डोळा लागला नाही. सांगून झालं, रागावून झालं. शेवटी तिनं गोष्ट रचली. पोरीला कितपत कळेल, देव जाणे.

एक होतं गांडूळ. इवलंसं. त्याच्या घरात शिरला सोमल. गांडुळाचं पोट दुखलं.

वळवळ वळवळ, गेलं बुरशीकडे.
"बुरशीताई, बुरशीताई, सोमल मवाळ कर."
"मला भूक लागली. पाला दे, मग करते."

वळवळ वळवळ, गेलं करंजाच्या झाडाकडे.
"करंजदादा, करंजदादा, पाला दे.
पाला बुरशीला,
बुरशी सोमलाला,
मग माझं घर मला!"
"वारा हलवेल, मग देतो."

वळवळ वळवळ, गेलं वाऱ्याकडे.
"वारेकाका, वारेकाका, झुळूक दे.
झुळूक करंजाला,
पाला बुरशीला,
बुरशी सोमलाला,
मग माझं घर मला!"
"झोपलोय रे. कुणी गाणं म्हणेल, मग उठतो."

वळवळ वळवळ, गेलं दयाळ पक्ष्याकडे.
"दयाळमामा, दयाळमामा, गाणं म्हण.
गाणं वाऱ्याला,
झुळूक करंजाला,
पाला बुरशीला,
बुरशी सोमलाला,
मग माझं घर मला!"
"म्हणतो की! आधी तुला खातो."

गांडूळ थरथरलं.
"खा मामा. पण माझ्या पोटात तीच माती. सोमल तुझ्याही पोटात जाईल!"
"थू थू थू!" दयाळ मागे सरकला. टुणुक टुणुक. "आधी ती माती सुधारू दे बाबा!"

दयाळ गायला. वारा उठला. सूं सूं. करंज हलला. पाला पडला. टप टप. बुरशीनं पाला खाल्ला. पांढरे पांढरे धागे पसरले. सर सर सर. थोडा सोमल आज, थोडा उद्या. जहाल सोमल मवाळ झाला.

गांडूळ घरात शिरलं. वळवळ वळवळ, गुडुप!

"पण याला खूप खूप दिवस लागतात हं," अनुयानं घाईघाईनं जोडलं. "तोवर माती खायची नाही. कळलं?"

जुईनं मान डोलावली. मग जरा विचार केला.
"आई, मीपण खाल्ली ना ती माती?"
"हो गं राणी."
"मग आता मला वाघ नाही खाणार!"