शेष किती?

"शेष किती उरला?"

"शून्य, सर."

केळुसकर सरांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला.

ओटीच्या भिंतीवर वाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. साल केव्हाच उलटून गेलेलं, चित्र मात्र टवटवीत. क्षीरसागरात शेषाच्या वेटोळ्यांवर आरामात आडवा झालेला विष्णू, पायांशी लक्ष्मी.

सरांनी चित्राकडे पाहिलं. मग शार्दूलकडे. मग पुन्हा चित्राकडे.

"अगदी शून्य?"

"दशांश चिन्हापुढे हवी तेवढी घरं मोजा, सर."

"अरेरे..." सर म्हणाले.

केळुसकर सर म्हणजे पाण्याचे गणिती. नदी कुठे वळेल, गाळ कुठे बसेल, भरती किती चढेल, हे समीकरणांतून काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते पारकोंडला, खाडीच्या अगदी काठावर येऊन राहिले. लोक म्हणत, सरांनी नुसतं तांब्यात डोकावलं तरी पाणी शहाण्यासारखं वागायला लागतं. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण खोटं म्हणायचीही माझी हिंमत नाही.

शार्दूल नाचणे हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. आता पुण्यात मोठ्या संस्थेत मोठा माणूस. त्याच्या हाताखाली असा संगणक होता, की तो सुरू झाला की अख्ख्या गल्लीतले दिवे मंद व्हायचे आणि त्याच्या पंख्यांच्या गरम वाऱ्यावर संस्थेतली मंडळी पावसाळ्यात मोजे वाळवायची.

इतर गुरुजी विचारतात, उत्तर किती आलं. सर ते कधीच विचारत नसत. गणिताच्या मॉडेलने सांगितलेलं पाणी आणि प्रत्यक्ष मोजलेलं पाणी, यांत जो फरक पडतो त्याला सर 'शेष' म्हणत. विद्यार्थी दारात दिसला की पहिला प्रश्न तोच. शेष किती?

पारकोंडच्या खाडीचं सरांचं स्वतःचं मॉडेल होतं. त्यात वीतभर शेष उरायचा. सर म्हातारे झाले, पण वीत काही गेली नाही.

ती घालवायची, असं शार्दूलने मनाशी घेतलं होतं. आणि आज ती घालवून तो ओटीवर बसला होता.

"आता तुम्ही फक्त हो म्हणा, सर."

कारण साधं होतं. खाडीत नवी फेरीबोट सुरू व्हायची होती. भरतीचं पाणी किती वेळ टिकतं, त्यावर तिच्या फेऱ्या ठरणार. वेळा शार्दूलचं मॉडेल सांगणार. बंदरवाल्यांची एकच अट होती, केळुसकर सर हो म्हणाले पाहिजेत.

आणि आणखी एक कारण होतं, जे शार्दूल कुणाला सांगत नसे. इतक्या वर्षांत सर त्याला एकदाही 'छान' म्हणाले नव्हते. फार तर 'हं' म्हणत.

"माझी वीत कशी घालवलीस?" सरांनी विचारलं.

शार्दूल सरसावून बसला.

"पूर्ण भरती झाल्यावर इथलं पाणी लगेच उतरत नाही, सर. थबकतं. चांगले तीन-चार तास थबकतं. तुमच्या समीकरणात हे नव्हतंच. मी त्यासाठी एक नवं पद घातलं. खाडीच्या वळणावर लाट परत फिरते, आणि... त्याला..." तो जरा खाकरला. "त्याला नाचणे परिणाम म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सध्या मीच. पण म्हणतील हळूहळू."

सरांनी सुपारी तोंडात टाकली.

"चल. बघून येऊ तुझा परिणाम. भरती भरून दोन तास झालेत."

आतून काकूंचा आवाज आला. "डबा घेताय ना?"

"घेतोय."

"दोघांचा भरलाय."

शार्दूल हसला. "काकू, डबा कशाला? अर्ध्या तासात परत येतोय."

काकू दारात आल्या. "असं तुझं मॉडेल म्हणतंय?"

"हो, काकू."

"मग उन्हाची टोपीपण ने हो बाबा."

सरांची होडी लहान. सर मागे उभे राहून बांबूने ढकलत होते. शार्दूल पुढे बसून फोनवर आपला आलेख बघत होता. निळी रेघ, सरळ, शांत.

"पाणी आत्ता थबकलंय, सर. अजून तासभर हलणार नाही."

"हं."

खाडीच्या मधोमध जुना धक्का उभा होता. त्याचं किनाऱ्याकडचं टोक कधीच वाहून गेलं होतं. उरलेला तुकडा कुणाशी भांडून वेगळं बिऱ्हाड केल्यासारखा पाण्यात एकटा. सरांनी होडी तिकडे वळवली.

होडीच्या बुडाला काहीतरी खरखरलं.

"काय झालं?"

"काही नाही. गाळ."

"पण पाणी आहे ना, सर."

"कुठे?"

शार्दूलने फोन पुढे केला...

सरांनी फोनकडे पाहिलं. फोनमध्ये भरपूर पाणी होतं.

खाली होडी एकदा डोलली, बाजूला कलली आणि नीट बसली. आजूबाजूचं पाणी पाहुण्याने चहा न घेता निघून जावं तसं निघून गेलं. थोड्या वेळाने एक बगळा त्यांच्या शेजारून गेला.

चालत.

सरांनी टोपी घातली. दुसरी शार्दूलला दिली. डबा उघडला.

"तुम्हाला माहीत होतं?" शार्दूल म्हणाला.

"घावणे आहेत. घे."

"सर, फेरीबोटीत माणसं असतील! ती अशी... अशी मधेच..."

"हो. आणि त्यांच्याकडे डबे नसतील."

शार्दूलने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"छान," सर म्हणाले.

शार्दूलने झटकन मान वर केली. सर चटणीकडे बघत होते.

"पण आकडे चुकीचे नाहीत, सर," तो शेवटी म्हणाला. "तुम्हीच पाठवलेले आहेत. मॉडेल त्यांच्याशी तंतोतंत जुळतं. मग हे..." त्याने गाळाकडे हात केला. "हे असं कसं?"

सरांनी घावण्याचा तुकडा धक्क्याकडे रोखला.

धक्क्याला एक लोखंडी नळकांडं उभं बांधलेलं होतं. बुडाशी बोट जाईल एवढंच भोक. त्यातून खाडीचं पाणी आत शिरायचं आणि आतला तरंगता गोळा वर-खाली व्हायचा. गोळा कुठवर चढला ते वरचं यंत्र टिपून घ्यायचं. लाटांचे हिसके लागू नयेत म्हणून भोक मुद्दाम लहान ठेवलेलं.

याच नळकांड्याचे आकडे शार्दूलला तोंडपाठ होते. झोपेत विचारले तरी सांगेल. नळकांडं मात्र तो आज पहिल्यांदा बघत होता.

तो होडीतून उतरला. मांडीपर्यंत गाळात गेला. पुण्याची इस्त्रीची पँट. कसाबसा धक्क्याच्या पायऱ्या चढला, नळकांड्यावरचं झाकण उचललं आणि आत डोकावला.

"सर! आत पाणी आहे! पूर्ण भरतीएवढं!"

"मग तुझं मॉडेल बरोबर आहे."

"पण बाहेर..."

"बाहेरचं तू कुठे मोजलंस?"

शार्दूलने झाकण परत लावलं. मग खाली उतरला. वाकून बुडाशी चाचपडत त्याने ते भोक शोधलं. भोकातून पाणी येत नव्हतं. काहीतरी आतून अडकलं होतं. त्याने बोट घातलं.

त्यानंतर जी किंकाळी उठली तिने पलीकडच्या काठावरचे नारळ पडले, असं मी सांगत असतो. पडले नसतील तर हलले तरी नक्की.

बोट बाहेर आलं, आणि पाठोपाठ पाण्याची चिळकांडी. शर्ट, चष्मा, केस, सगळं भिजलं. नळकांड्यात अडकलेली भरती एकट्या शार्दूलवर उतरली.

"काय म्हणतोय नाचणे परिणाम?" सरांनी होडीतून विचारलं.

"चावतोय, सर."

"नांग्या मोठ्या आहेत त्याच्या."

शार्दूलने बोट तोंडात धरलं होतं. "खेकडा आहे?"

"लहानपणी भोकातून आत शिरला. आत बसल्या जागी खायला मिळतं. खाऊन-पिऊन एवढा झाला, की आता बाहेर पडता येत नाही." सरांनी हात पुसले. "संस्थेत होतं तसं आपल्यात कुणाकुणाचं."

शार्दूलने बोट तोंडातून काढून बघितलं.

"ओहोटी लागली, की पाणी बाहेर जायला बघतं. जाता जाता त्याला ओढतं, आणि हा भोकावर गच्च बसतो. पाणी आत कोंडतं. कंटाळला की सरकतो. मग उतरतं."

"आणि किती वर्षं..."

"हा तिसरा. आधीचे दोघे माझ्या ओळखीचे होते. मधला जरा तापट होता."

शार्दूल पायरीवर बसला. अंगातून पाणी निथळत होतं. खिशातल्या फोनमध्ये ती निळी रेघ अजून सरळ आणि शांत होती. त्या रेघेत वळणावरून परतणारी लाट नव्हती. पोट भरलेला एक खेकडा होता, आणि त्याला शार्दूलने आपलं आडनाव दिलं होतं.

"मला सांगितलं का नाहीत, सर?"

"तू आकडे मागितलेस. आकड्यांत कोण राहतं, ते विचारलं नाहीस."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? माझ्याकडे वीत उरायची. काय उरतंय ते बघायला होडी घेऊन आलो... हा भेटला."

"मग बाहेर का नाही काढलात?"

"ओळख झाली होती," सर म्हणाले.

शार्दूल आधी बारीक हसला. मग मोठ्याने. मग इतका, की मघाचा बगळा चालायचं सोडून उडाला.

तो गाळ तुडवत होडीत परत आला. उरलेले घावणे दोघांनी संपवले. मग करण्यासारखं काहीच नव्हतं. सर आडवे झाले, तोंडावर टोपी घेतली. शार्दूलने गाळातले छोटे खेकडे बघितले, ढग बघितले, आणि पाणी परत येताना बघितलं. आधी एक ओली रेघ, मग एक चकाकी, मग होडीखाली हलकीशी गुदगुली. आयुष्यभर भरतीचं गणित केलेल्या माणसाने भरती येताना पहिल्यांदा बघितली.

घरी पोचले तेव्हा काकू तुळशीपाशी दिवा लावत होत्या.

"झाला का अर्धा तास?"

"झाला, काकू," शार्दूल म्हणाला. "टोपी उपयोगी पडली."

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. सरांची होडी घेऊन धक्क्यावर जाऊ लागला. तिथे आखलेली उघडी काठी रोवून पाणी स्वतः मोजू लागला. नाकाचं साल निघालं. समीकरणातून नाचणे परिणाम काढून टाकला. पुण्याचा संगणक नव्या आकड्यांवर पुन्हा चालवला, मोजे वाळले. जाता-येता तो नळकांड्यात घावण्याचा तुकडा टाकत असे, असं काकू म्हणतात.

मग एका सकाळी तो ओटीवर आला. सर सुपारी कातरत होते.

"शेष किती?"

शार्दूलने मान खाली घातली.

"चार बोटं, सर."

"कशाची?"

"माहीत नाही. वारा म्हणून बघितला. वरून येणारं नदीचं पाणी म्हणून बघितलं. चंद्राला पुन्हा तपासलं. खेकडा नाही, हे नक्की... पण चार बोटं उरतातच."

"आणि फेरीबोट?"

"चार बोटं पाणी कमी धरून वेळा काढल्यात. एखादी फेरी कमी होईल. पण कुणी गाळात बसणार नाही."

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. आपला उजवा हात पसरला, वीत केली. तिच्याकडे पाहिलं. मग अंगठा मुडपला. उरली ती चार बोटं जुळवून धरली, आणि हात लांब करून कॅलेंडरवरच्या शेषाला लावून बघितला.

"देऊन टाक वेळा," ते म्हणाले. "माझं हो आहे म्हणून सांग."

शार्दूलचा चेहरा उजळला. पण तो उठला नाही.

"सर, पण ती चार बोटं... ती राहिलीच की."

सरांनी चित्रातल्या देवाकडे एकदा नीट पाहिलं.

"राहू दे. पाय पोटाशी घेऊन झोपेल तो."