परटिणीच्या खडकावरच्या दोन शिड्या

सरणी नदीच्या मधोमध एक काळा खडक आहे. अलीकडे कासारपेठेची बाग, पलीकडे मळेवाडीची. बाकावरची माणसे एकमेकांना हात करतात, पण भेटायचे तर साडेचार किलोमीटरचा वळसा. खडकाच्या दोन्ही अंगांना दगडी खांबांची थोटके उरली आहेत आणि प्रत्येकाला एक लाकडी शिडी साखळीने जखडलेली आहे. या शिड्या कुठेच जात नाहीत.

त्या इथे का आहेत, हे बागेत येणाऱ्यांना रखमाजी परीट सांगतात. वय अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी ऐकायला आम्ही चार बातमीदार होतो आणि दोन्ही बागा जोडणाऱ्या पादचारी व सायकलपुलाची आखणी करणाऱ्या अभियंता बाई.

फार पूर्वी दोन्ही गावांनी मिळून लाकडी साकव बांधायचे ठरवले, असे सांगतात. मिळून म्हणजे अर्धा यांनी, अर्धा त्यांनी. दोघांनी आपापल्या काठापासून खडकापर्यंत माप घेतले. खडकाचे माप कोणीच घेतले नाही. दोन अर्धे साकव उभे राहिले आणि मध्ये खडकाएवढी फट राहिली. ती भरणे समोरच्याचे काम आहे, एवढ्यावर मात्र दोन्ही गावांचे एकमत होते. शेवटी दोन्हीकडून एकेक शिडी खाली सोडली. एकीने उतरायचे, खडक ओलांडायचा, दुसरीने चढायचे.

गोजरा परटीण मळेवाडीची लेक आणि कासारपेठेची सून. दोन्ही गावांचे कपडे ती त्या खडकावर धुवायची. एका दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदी चढू लागली. दोन्ही गावे धावत आली आणि त्यांनी शिड्या वर ओढून घेतल्या. वाहून जाऊ नयेत म्हणून. गोजरा खालीच होती.

"शिडी टाका," ती म्हणाली.

"माहेरचे टाकतील की," कासारपेठेचे लोक म्हणाले.

"मग सासर कशाला करून दिलं?" मळेवाडीकरांनी विचारले.

पाणी घोट्यावरून गुडघ्यावर आले.

"माणसं वाईट नव्हती, मॅडम," इथे रखमाजी नेहमी थांबतात. "त्यांना शिडीची काळजी होती."

मग गोजराने गाठोडे सोडले. धोतरे, लुगडी, उपरणी पिळून एकाला एक बांधली आणि त्या दोराचे एक टोक कासारपेठेच्या साकवावर फेकले, दुसरे मळेवाडीच्या. कासारपेठेकडच्या अर्ध्यात मळेवाडीचे कपडे होते, मळेवाडीकडच्या अर्ध्यात कासारपेठेचे. तिने ते मुद्दाम केले, म्हणे. शिडी टाकत नाहीत, निदान कपड्यांना तरी हात घालतील.

तसेच झाले. "अरे, माझं जरीचं उपरणं त्या सटवाजीच्या हातात!" कासारपेठेचा एकजण ओरडला.

"माझ्या बायकोचं लुगडं आधी सोड, मग बोल," पलीकडून उत्तर आले.

आपले कपडे पलीकडे, म्हणून दोन्हीकडचे लोक ओढू लागले. दोर ताठ झाला आणि मधल्या गाठीला धरून गोजरा खडकावरून वर उचलली गेली. आता एका बाजूने सैल सोडले असते, तर दुसऱ्या बाजूने तिला सहज वर घेतले असते.

"एकानं सोडा," ती म्हणाली. "कुणीही."

कोणी सोडले नाही. गाठी करकरू लागल्या. तेव्हा गोजराने मधली गाठ आपल्याच हाताने सोडली, असे सांगतात. एवढी ताणलेली गाठ सुटली हा चमत्कार, असे भाविक मानतात. मला मोठा चमत्कार वाटतो तो वेगळाच. दोन गावांच्या शेकडो हातांपैकी एकही हात सैल पडला नाही.

दोन्ही गावे आपापल्या साकवावर उताणी पडली. हातात समोरच्यांचे कपडे होते. गोजरा सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. आपले कपडे परत हवे होते, म्हणून दोन्ही शिड्या एकाच वेळी खाली आल्या. लोकांनी खडकावर एकमेकांचे कपडे घडी करून परत केले. त्याच दिवशी शिड्यांना साखळ्या घातल्या, पुन्हा कोणाला त्या वर ओढता येऊ नयेत म्हणून. पुढे साकव कुजून गेले. शिडी कुजली की मात्र गाव नवी करते.

हकिगत संपल्यावर अभियंता बाईंनी पुलाचे नकाशे बाकावर पसरले. दोन काठ, दोन कार्यालये, दोन कागद. दोन्हींवर कठडे होते, सायकलींची मार्गिका होती, दिवे होते. दोन्ही खडकापाशी संपत होते.

"खडक कुणाकडं?" रखमाजींनी विचारले.

"तिसऱ्या कार्यालयाकडे, आजोबा. पत्र दिलंय."

"कधी?"

"आठ वर्षं झाली."

रखमाजींनी दोन कागदांच्या मधल्या उघड्या फळीवर बोट ठेवले. "गोजरा इथं उभी आहे," ते म्हणाले.

आजही नदी उतरली की दोन्ही काठांचे लोक होडीने खडकावर जातात, समोरच्या गावाचा एकेक कपडा धुऊन, घडी करून परत देतात आणि साखळ्या ओढून पाहतात. यंदा अभियंता बाईही गेल्या होत्या. त्यांनी टेपचे एक टोक रखमाजींच्या हातात दिले आणि खडक मोजला. पाच मीटर भरला, म्हणजे अकरा हात. हा आकडा दोनपैकी कोणत्या कागदावर लिहायचा, हे विचारणारे त्यांचे पत्र आजही तिसऱ्या कार्यालयात पडून आहे.