पेटीचं हसू

वाद्यांचं हसणं माणसांना ऐकू यायचं, त्या काळातली गोष्ट. एका तालीमघरात पेटी आणि ढोलकीच्या शेजारी पेडल स्टील गिटार होती. चार पायांवर आडवी. हाताने तारांवर पोलादी कांडी सरकवायची, पायाने पेडलं दाबायची, शिवाय गुडघ्याने खटके ढकलायचे, असं तिचं अवघड काम.

ती शिकायला वत्सलाबाई आल्या. पहिल्याच सुराला कांडी तसूभर पुढे सरकली आणि पाय भलत्याच पेडलवर पडला.

"म्हैस अडली वाटतं!" पेटी खिदळली.

"छे, मांजराचं शेपूट दारात सापडलंय," ढोलकी म्हणाली.

रोज हेच. शेवटी गिटारच्या डोक्यात तिडीक गेली. "अगं ए पेटी, तुझे सूर कारागिराने बसवून दिलेत. बोट ठेवलं की सूर हजर. तुला चुकायची सोयच नाही, आणि दात काढतेस? माझ्यावर सूर शोधावा लागतो. म्हणून तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड माझ्यापाशी आहे!"

"मग बाईंना रडू का येतंय?" पेटी म्हणाली.

बाई खरंच डोळे पुसत उठल्या. "मी आपली पेटीच शिकते."

गिटारवर कापड पडलं. पेटीचा भाता फुगला.

महिन्याभरात बाई गाणं बिनचूक वाजवू लागल्या. फक्त एका ओळीवर अडायच्या. तिथे सूर खालून वर ओढत न्यायचा होता. बाईंचं बोट पट्टीवर दाबून पुढेमागे घसरायचं, पुन्हा पुन्हा. सूर जागचा हलायचा नाही.

पेटीचा भाता फुसकन बसला.

कापडाखालून गिटार कडाडली, "हस ना आता!"